कावळा शिवायच्या आधीचा प्रश्न

मागच्या महिन्यात आत्याच्या दहाव्याला आम्ही सगळे नाशिकला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर जमलो होतो, रामकुंडाच्या अलीकडे पायऱ्यांवर. पिंड मांडून झाले होते, शेजारी तिला आवडायचा म्हणून मुलाने चिवडा ठेवला होता, आणि कावळे समोरच्या छपरावर बसून होते, खाली काही येईनात. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मामी म्हणाली जीव अडकलाय तिचा, नातीचं लग्न राहिलं ना बघायचं. त्यावर नाना, म्हणजे आतोबांचे धाकटे भाऊ, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले, ते म्हणाले जीव वगैरे काही नसतं, मेंदू म्हणजे कॉम्प्युटर, सप्लाय गेला, विषय संपला. मग अण्णा उसळले, की तुमच्याच फिजिक्समध्ये आहे ना ऊर्जा नष्ट होत नाही म्हणून, मग चेतना कशी नष्ट होईल? शेवटी कावळा शिवला, पण वाद मिटला नाही, तो घरच्या ग्रुपवर गेला आणि पुढचे पंधरा दिवस क्वांटमचे व्हिडिओ, मरून परत आलेल्यांच्या मुलाखती, चार्वाकाचे श्लोक आणि चॅटजीपीटीला भावना असतात का, असं सगळं एकमेकांवर फेकून झालं.

मी हे सगळं वाचत होते आणि मला दोघांचाही मनापासून राग येत होता. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जाणीव मेंदूशिवाय असू शकते याला धड एकही पुरावा नाही, तेवढ्यापुरती मी नानांच्या बाजूची. पण मेंदूतल्या पेशींच्या कामातून जाणीव का येते, हे आजतागायत कुणालाही सांगता आलेलं नाही, त्यामुळे "विषय संपला" हे नानांचं वाक्य चूक आहे. आणि उत्तर सापडलेलं नाही म्हणून ती रिकामी जागा आत्म्याच्या नावावर करून टाकायची हे अण्णांचंही चूक आहे. पण या दोन चुकांपेक्षा मोठी तिसरी चूक आपण सगळेच करतो, ती म्हणजे हा प्रश्न आपण माणूस गेल्यावर विचारतो. आत्या जायच्या आधी सतरा दिवस आयसीयूत होती. आत कुणी आहे का, हे विचारायची खरी जागा तो पलंग होता, रामकुंडाच्या पायऱ्या नव्हे.

वाद भरकटतो याचं एक कारण म्हणजे आपण तीन गोष्टी एकाच पोत्यात भरतो. आपल्या भाषेत त्यासाठी चांगले वेगवेगळे शब्द आहेत. शुद्ध, भान आणि जाणीव. शुद्धीवर असणं म्हणजे डोळे उघडे, हाक मारली की ओ देणं. भान म्हणजे आपण कुठे आहोत, समोर कोण आहे याची नोंद असणं, म्हणून तर शुद्धीवर असलेल्या माणसाचंही भान हरपतं. आणि जाणीव म्हणजे त्याच्याही आतली गोष्ट. दात ठणकतो तेव्हा नसेतून सिग्नल जातो, मेंदूचे ठराविक भाग कामाला लागतात, हात आपोआप गालावर जातो, हे सगळं बाहेरून मोजता येतं. पण ते जे ठणकणं आहे, माझं मला होणारं, ते कुठल्याच मीटरवर दिसत नाही. डेव्हिड चाल्मर्स नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये याच दोन बाजू वेगळ्या केल्या. लक्ष कसं लागतं, आठवण कशी राहते, झोपेतून जाग कशी येते, हे त्याच्या मते सोपे प्रश्न. सोपे म्हणजे शंभर वर्षं लागतील पण रस्ता माहिती आहे. आणि हे सगळं होताना आतून काहीतरी अनुभवायला का येतं, नुसतं अंधारात यंत्रासारखं का होत नाही, हा कठीण प्रश्न. आमच्या ग्रुपवर नाना सोप्या प्रश्नांची उत्तरं देऊन कठीण प्रश्न सुटला म्हणत होते, आणि अण्णा कठीण प्रश्न दाखवून सोप्यांचीही उत्तरं नाकारत होते.

अण्णांचा ऊर्जेचा मुद्दा आधी बाजूला काढू, त्याला फार वेळ द्यायला नको. मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, जुन्या छोट्या बल्बपेक्षाही कमी. माणूस गेल्यावर ती ऊर्जा नष्ट होत नाही हे खरंच आहे, पण ती उष्णता होऊन खोलीत पसरते, फिजिक्सचा हिशोब तिथेच पूर्ण होतो. चूल विझल्यावर जाळ कुठल्या गावाला गेला असं आपण विचारत नाही. क्वांटमचंही तसंच. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी पेशींमधल्या सूक्ष्म नळ्यांमध्ये क्वांटम क्रिया होते आणि त्यातून जाणीव येते अशी कल्पना मांडली, मॅक्स टेगमार्कने २०००मध्ये गणित करून दाखवलं की मेंदूच्या उबेत असली अवस्था सेकंदाच्या अतिशय छोट्या अंशातच मोडून पडेल, आणि तो वाद अजून चालू आहे. पण अण्णांनी एक गोष्ट बघावी, त्या सूक्ष्म नळ्याही मेंदूच्या पेशीतच आहेत. उद्या पेनरोझ बरोबर निघाले तरी सिद्ध काय होईल? जाणीव देहात आहे हेच.

अण्णांचा खरा जोरदार मुद्दा दुसरा आहे आणि तो मी खूप दिवस डोक्यात घोळवला. ते म्हणतात मेंदू टीव्हीसारखा आहे, चेतना म्हणजे स्टेशनवरून येणारा कार्यक्रम. टीव्ही फोडला तर चित्र जाईल, स्टेशन थोडंच बंद पडेल? हे येड्यागबाळ्याचं बोलणं नाही, विल्यम जेम्ससारख्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जवळपास हेच मांडलं होतं. मेंदूला मार लागला की माणूस बदलतो, एवढ्याने ही कल्पना खरंच खोडली जात नाही. पण १९७८ मध्ये मिलानमध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी दोन पेशंटवर केलेला प्रयोग बघा. दोघांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेली, त्यामुळे डावीकडच्या जगाकडे त्यांचं लक्षच जात नसे. त्यांना सांगितलं की डोळ्यांपुढे गावातला मोठा चौक आणा, तुम्ही कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतंय सांगा. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून उलटं बघताय अशी कल्पना करा. आता मघाशी गाळलेल्या इमारती त्यांनी बरोब्बर सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या! म्हणजे आठवण शाबूत, डोळ्यांचा संबंध नाही, बाहेरून काही बघायचंच नाहीये, तरी मनातलं चित्रच अर्धं. समजा आपल्यापैकी कुणी डोळे मिटून रामकुंडाच्या पायरीवर उभं राहिलं आणि त्याच्या मनातल्या नाशिकची एक बाजूच नाहीशी झाली, आणि काही नाहीसं झालंय हेही त्याला कळलं नाही, तर त्याला टीव्हीची काच फुटली म्हणायचं का? टीव्ही बिघडला तर चित्र खराब होतं, पण कार्यक्रमातल्या पात्रांना आपल्या घराची डावी खोली असते हे विसरायला होत नाही. इथे कार्यक्रमच बदललाय. मग स्टेशन कुठे आहे म्हणायचं?

आणि भूल. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने इथर हुंगवून भर सभागृहात ऑपरेशन करू दिलं, तेव्हापासून आपण रोज हजारो माणसांची जाणीव औषधाने बंद करतोय आणि चालू करतोय. आत्मा शस्त्राने तुटत नाही, आगीत जळत नाही, मग दोन मिलिग्रॅम जास्त औषधाने त्याचं काय होतं? बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला पत्रातून विचारलं होतं, की ज्याला वजन नाही, आकार नाही असा आत्मा शरीराला ढकलतो कसा? त्याचं समाधानकारक उत्तर देकार्तने दिलं नाही आणि आजवर दुसऱ्या कुणीही नाही.

आता एवढं म्हटल्यावर नानांना वाटेल मी त्यांच्या बाजूने लिहितेय. थांबा. लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१४ मध्ये एक कल्पना लिहून ठेवली होती. समजा विचार करणारं, अनुभवणारं एक यंत्र आहे आणि ते एवढं मोठं केलं की पिठाच्या गिरणीत शिरावं तसं आत शिरता येईल. आत गेल्यावर काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. अनुभव कुठेच दिसणार नाही. आज गिरणीच्या जागी एमआरआय आलाय, चाकांच्या जागी न्यूरॉन आलेत, पण आत जाऊन आलेला माणूस अजूनही हेच सांगतो. आणि नाना, तुमच्या "सप्लाय"च्या हिशोबाने बघा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आहेत, त्यातले ६९ अब्जांच्या आसपास मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूत. सगळ्यात जास्त वायरिंग तिथे. पण तो छोटा मेंदू जवळपास नसतानाही जन्मलेली माणसं आहेत, त्यांचं चालणं-बोलणं अडखळतं, पण ती जगतात, हसतात, त्यांना दुखतं. मग करंट असणं म्हणजे जाणीव असणं कसं? लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झने १९७०च्या दशकात अभ्यासलेला डीबी नावाने ओळखला जाणारा पेशंट घ्या, त्याला दृष्टीच्या अर्ध्या भागात काहीच दिसत नाही असं तो सांगायचा, पण अंदाजाने बोट दाखव म्हटलं की बरोबर दाखवायचा. माहिती आत जात होती, उत्तर बाहेर येत होतं, दिसणं मात्र नव्हतं. कॉम्प्युटरवाल्या थिअरीला या माणसाने निदान अडखळायला तरी हवं.

हे मी एकटी म्हणत नाहीये. १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने चाल्मर्सशी पैज लावली, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. पैज चांगल्या वाईनच्या पेटीची होती (माझं काम वाईनचं, म्हणून मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हापासून पाठ आहे). २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कॉखने भर सभेत हार मानली आणि बाटल्या दिल्या. तेव्हा दोन मुख्य थिअऱ्यांची एकमेकींसमोर परीक्षा झाली होती. एक बर्नार्ड बार्स आणि स्तानिस्लास दहेन यांची, की माहिती मेंदूभर जाहीर झाली की जाणीव होते, जणू चौकात दवंडी पिटली. दुसरी जुलिओ तोनोनी यांची, की भाग एकमेकांत किती गुंफलेले आहेत त्यावर जाणीव ठरते. २५६ माणसांवर केलेल्या या परीक्षेचा सविस्तर निकाल २०२५ मध्ये छापून आला, दोघींचीही काही भाकितं जमली आणि काही महत्त्वाची फसली. त्याच २०२३ मध्ये १२४ अभ्यासकांनी सही करून तोनोनींच्या थिअरीला छद्मविज्ञान म्हटलं, त्यावर मोठं भांडण झालं. ज्यांनी आयुष्य यात घातलं ते अजून झगडतायत आणि आपण पायरीवर बसून दोन वाक्यात निकाल लावतो?

आता मला जे सगळ्यात जवळचं आहे ते. मी दिंडोरी रोडकडच्या एका वायनरीत लॅबमध्ये काम करते. ग्रुपवर आमच्या एका भावाने चार्वाकाचं ते प्रसिद्ध मत टाकलं होतं, चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात नोंदवलेलं, की किण्वापासून जशी मदशक्ती येते तशी चार महाभूतांपासून चैतन्य येतं. किण्व म्हणजे आंबवण, आपल्या भाषेत यीस्ट. एकेका वेगळ्या पदार्थात नशा नाही, एकत्र आल्यावर आणि आंबल्यावर नशा येते, तसंच देहाचं. नानांनी त्याला अंगठा दिला, अण्णांनी लाल तोंड. दोघांनीही आंबणं जवळून बघितलेलं नाही. फेब्रुवारीत २३ ब्रिक्सची, म्हणजे रसात साधारण २३ टक्के साखर भरलेली द्राक्षं क्रश करून टाकीत घेतली, कोमट पाण्यात जागं केलेलं यीस्ट वर ओतलं, की पहिले काही तास काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी सालं फुगून वर येतात, जाड थर जमतो, आणि टाकीच्या झाकणाशी कान नेला की आत पावसाची रिपरिप चालू असल्यासारखा आवाज येतो. मला पंधरा वर्षं झाली, अजून तो आवाज ऐकला की आत काहीतरी जिवंत आहे असंच वाटतं. आणि हे नुसतं मलाच नाही, लुई पाश्चरलाही वाटलं होतं! त्याने ठामपणे सांगितलं की आंबणं ही जिवंत पेशीच्या जगण्यातूनच होणारी गोष्ट आहे, लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ म्हणत होता ही फक्त रसायनाची क्रिया, आणि दोघं वर्षानुवर्षं भांडले. १८९७ मध्ये, पाश्चर गेल्यावर दोन वर्षांनी, एदुआर्द बुखनरने यीस्ट वाळूबरोबर रगडून त्याचा रस काढला, त्यात एकही जिवंत पेशी नाही, टिकावा म्हणून साखर घातली, आणि तो रस फसफसायला लागला. त्याला १९०७ चं नोबेल मिळालं. मग एकेक पायरी उलगडत १९४०च्या सुमारास साखरेपासून अल्कोहोलपर्यंतचा सगळा रस्ता कागदावर आला.

यात नानांना बळ देणारी गोष्ट उघड आहे. ज्याला जीवनशक्तीशिवाय समजावता येणार नाही असं पाश्चरसारखा माणूस म्हणत होता ते समजावता आलं. आज अवघड वाटतं म्हणून कायमचं अशक्य, असं म्हणणाऱ्यांनी इतिहासात अनेकदा मार खाल्लाय. म्हणून अण्णांनो, रिकामी जागा दिसली की तिथे लगेच मूर्ती बसवू नका. पण चार्वाकाच्या उपमेत एक खाच आहे आणि ती मला टाकीशेजारी उभं असतानाच दिसली. मी लॅबमध्ये अल्कोहोल मोजते, साडेबारा टक्के, तेरा टक्के. मद मोजत नाही. मद टाकीत नसतोच, तो पिणाऱ्याला येतो. टाकी भरून वाईन आहे पण टाकीला काही चढलेली नाही. म्हणजे चैतन्य कसं येतं हे समजावायला जी उपमा दिली, तिच्यात नशा अनुभवणारा माणूस आधीच गृहीत धरलेला आहे. अल्कोहोल कसं तयार होतं याचं उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी मिळालं कारण तो सुरुवातीपासून बाहेरून बघायचा प्रश्न होता. चढणं म्हणजे काय हा आतून बघायचा प्रश्न आहे. तो कधी सुटणारच नाही असं मी म्हणत नाही, उलट सुटेल असं मला वाटतं, पण बुखनर अजून जन्माला यायचाय हे कबूल करायला लाज कसली?

आणि आपली परंपरा अण्णांच्या बाजूने एकमुखाने उभी आहे हेही खरं नाही. सांख्यांनी मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीत म्हणजे जड बाजूला टाकलं, फक्त बघणारा पुरुष वेगळा ठेवला, म्हणजे विचार मेंदूत होतात हे ऐकून सांख्याला धक्का बसणार नाही. न्यायवाल्यांच्या मते आत्मा आहे, पण जाणीव हा त्याचा कायमचा स्वभाव नाही, मनाशी संयोग झाला तरच ती येते आणि मोक्षात तर जाणीव नाहीच. बौद्धांनी कायमचा आत्माच नाकारला आणि तरी अनुभवाचा बारीक अभ्यास केला. आपल्या पांडवलेण्यात, त्रिरश्मी डोंगरावर, दोन हजार वर्षांपूर्वी जे भिक्खू पावसाळ्याला राहायचे ते आत्मा न मानणारेच होते. या लोकांनी शतकानुशतकं एकमेकांच्या मुद्द्यांना उत्तरं दिली. आपण त्यांचे श्लोक फॉरवर्ड करतो.

आता त्या पलंगाकडे येते. आत्या अडुसष्ट वर्षांची, मेंदूत रक्तस्राव झाला, शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं, आधी व्हेंटिलेटर, मग गळ्याला छेद देऊन नळी. आठव्या-नवव्या दिवसापासून तिचे डोळे आपोआप उघडायला लागले पण हाक मारली तर काही नाही. पलंगापाशी उभं राहून लोक काहीही बोलायचे. बिल किती झालं, "ह्या काही यातून राहत नाहीत", गावची जमीन कुणाच्या नावावर. आम्ही घरचेही बोललो, मीही बोलले. एक सिस्टर मात्र वेगळ्या होत्या. त्या नळी साफ करायच्या आधी दर वेळी वाकून म्हणायच्या, आजी, नळी साफ करते हां, थोडा ठसका लागेल. बाराव्या दिवशी त्यांनी मला विचारलं ताई, पर्समध्ये आरसा आहे का? मी पावडरच्या डबीचा आरसा दिला. त्यांनी तो आत्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरला आणि हळू डावीकडून उजवीकडे नेला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा डोळे आरशाबरोबर गेले. तिसऱ्यांदा नाही, चौथ्यांदा परत गेले. दुसऱ्या दिवशी राउंडला सांगितलं तर रिफ्लेक्स असेल म्हणून फाईल मिटली. असेलही रिफ्लेक्स. मला माहिती नाही, आणि पाच दिवसांनी ती गेली म्हणून आता कधी कळणारही नाही.

आरशाची ही गोष्ट सिस्टरांच्या मनची नव्हती, हे मी नंतर वाचलं. असे पेशंट इतर वस्तूंपेक्षा स्वतःच्या चेहऱ्याच्या मागे जास्त वेळा डोळे फिरवतात असं अभ्यासात दिसलंय, म्हणून जाणिवेच्या नीट तपासणीत आरसाच वापरतात. ही तपासणी अर्ध्या तासाच्या आसपासची असते आणि एकदा करून भागत नाही, वेगवेगळ्या दिवशी पाच-सहादा करावी लागते कारण पेशंट कधी जागा असतो कधी नसतो. २००९ च्या एका अभ्यासात, ज्या ४४ पेशंटना डॉक्टरांनी एकमताने काहीच जाणीव नाही असं ठरवलं होतं त्यातल्या १८ जणांमध्ये या तपासणीत जाणिवेच्या खुणा निघाल्या. त्याही पुढे, २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी तेवीस वर्षांच्या एका मुलीला, जी पाच महिने कशालाच प्रतिसाद देत नव्हती, एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं टेनिस खेळतेय अशी कल्पना कर. हालचाल ठरवणारा मेंदूचा भाग पेटला. मग सांगितलं घरातून फिरतेयस अशी कल्पना कर, तर जागा ओळखणारा भाग पेटला, निरोगी माणसासारखाच. २०१० मध्ये ५४ पेशंटपैकी ५ जणांनी असं केलं, एकाने तर टेनिस म्हणजे हो आणि घर म्हणजे नाही असं धरून वडिलांच्या नावाचं बरोबर उत्तर दिलं. २०२४ मध्ये प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांवर काम झालं, ६० जण सूचना ऐकून मेंदूत ती पाळत होते. चारातला एक!

इथे तत्त्वज्ञानवाला म्हणेल, मेंदू पेटला म्हणजे अनुभव आहे हे कशावरून? बरोबर प्रश्न आहे. पण माझ्या समोर बसलेल्या माणसाला अनुभव आहे हे तरी मला कशावरून कळतं? त्याच्या खुणांवरूनच. शेजाऱ्याच्या दातदुखीचा पुरावा मी मागत नाही, त्याचा चेहरा बघून मानते. मग ज्याच्या चेहऱ्याच्या तारा तुटल्यात त्याच्याकडूनच गणितासारखा पुरावा का मागायचा? आणि ग्रुपवरच्या चॅटजीपीटीच्या वादाने तर हेच उलट्या बाजूने दाखवलं, की फटाफट उत्तर देणाऱ्याला जाणीव असेलच असं नाही. तसंच उत्तर न देणाऱ्याला नसेलच असं कसं म्हणायचं? प्रतिसाद आणि जाणीव या दोन गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीवरून दुसरीचा निकाल लावतो.

मला माहिती आहे यावर सगळ्यात वजनदार आक्षेप काय आहे, तो एका डॉक्टर मैत्रिणीनेच घेतला. ती म्हणाली, तू घरच्यांना खोटी आशा लावतेस. आयसीयूच्या एकेका दिवसाला द्राक्षबाग गहाण पडते, एका सिस्टरकडे चार-पाच पेशंट, आणि तुझा आरसा हलला म्हणून लोक महिनोनमहिने व्हेंटिलेटर चालू ठेवतील. हा आक्षेप मी हलका करणार नाही, बागा विकलेल्या मी पाहिल्यात. पण नीट तपासणं म्हणजे लांबवणं नव्हे. उलट नीट तपासून खरंच काही नाही असं निघालं तर घरच्यांना थांबायचा निर्णय घेणं सोपं होतं, आणि तसा निर्णय घ्यायला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने वाट दिली, २०२३ मध्ये तिची प्रक्रियाही थोडी सोपी केली. आणि आत जाणीव आहे असं निघालं, तर तिथे वेदनाही असू शकते, म्हणजे दुखण्यावरचं औषध द्यायला हवं, कदाचित तेव्हाही थांबायलाच हवं. काय करायचं हे पुढचं. आधी बघा तरी. बोलून नळी साफ करायला किती बिल वाढतं?

बघितलं नाही तर काय होतं याचा दाखला फार जुना नाही. १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या हॉस्पिटलांत नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता व्हायची, हालचाल थांबवायचं औषध द्यायचे आणि दुखण्याचं नाही. बाळ रडतं तो रिफ्लेक्स, त्याच्या मेंदूला अजून दुखणं कळत नाही, अशी समजूत होती. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवलं की दुखण्याचं औषध दिलेल्या बाळांमध्ये ताणाची हार्मोन्स कमी वाढतात आणि ऑपरेशननंतरचा त्रासही कमी होतो, ते १९८७ मध्ये छापून आलं आणि पद्धत बदलली. लक्षात घ्या, कठीण प्रश्न १९८७ मध्येही सुटलेला नव्हता. आनंद यांनी बाळाच्या आत्म्याबद्दल काही सिद्ध केलं नाही, जाणीव म्हणजे काय याची थिअरी दिली नाही. शंका असेल तर बाळाच्या बाजूने, एवढंच धरलं.

आणि आपल्याकडे अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली परिचारिका, हल्ल्यात मेंदूला इजा झालेली. १९७३ ते २०१५, केईएमच्या त्या खोलीत ४२ वर्षं. २०११ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी लिहिलं की कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष ती पूर्ण करते. रोज तिचं करणाऱ्या परिचारिका सांगत होत्या की आवडीचं खाणं दिलं की तिच्या चेहऱ्यावर कळतं, गर्दी झाली की ती अस्वस्थ होते. कोण बरोबर होतं यावर तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, दयामरण हवं की नको. पण दोन्ही बाजूंनी ती आत आहे का, हे मोजायची काही पद्धत असू शकते यावर किती जण बोलले? तेव्हाही आपण शेवटाबद्दलच भांडलो.

म्हणून नाशिकच्या हॉस्पिटलांकडे माझं मागणं साधं आहे. पेशंट प्रतिसाद देत नाही असं लिहिताना काय विचारलं, किती वाजता, गुंगीचं औषध चालू होतं का, किती वेळा विचारलं, हे लिहा. बहुतेक ठिकाणी ग्लासगो स्केलचा, म्हणजे शुद्ध मोजायच्या गुणांचा आकडा लिहितात, १५ पैकी, तो १९७४ पासूनचा आणि तातडीच्या वेळी उपयोगी आहेच, पण नळी घातलेल्या माणसाचे बोलण्याचे गुण त्यात मोजताच येत नाहीत. हात लावायच्या आधी नाव घ्या. आणि घरच्यांनीही आपल्याकडून काय करायचं ते करावं, हे मी आधी स्वतःला सांगतेय. नंतर मी आत्याची फाईल आतेभावाकडून मागून घेऊन सगळी वाचली. रोज सकाळ-संध्याकाळ एकच नोंद आहे, सूचना पाळत नाही. आत्याला गेली सहा वर्षं डाव्या कानाने जवळपास ऐकू येत नव्हतं आणि उजव्या कानाने मशीन लावल्याशिवाय काही कळायचं नाही. अ‍ॅडमिट करताना बांगड्या, मंगळसूत्र आणि मशीन काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत आमच्या हातात दिलं होतं. ती पिशवी सतरा दिवस घरी कपाटात होती.